बहिष्कारात सातत्य हवे
‘क्रीडा-बहिष्काराने काहीच साधत नाही’ असा सूर लावणारा आपल्या अंकातील लेख वाचला. त्यातील १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकचा दाखला योग्य आहे, कारण अफगाणिस्तानातील सोव्हिएत आक्रमणाच्या निषेधार्थ अमेरिकेसह अनेक देशांनी पाठ फिरवूनही सोव्हिएत फौजा तेथून बाहेर पडल्या त्या थेट १९८९ मध्ये. परंतु एका स्पर्धेपुरता रुसवा आणि वर्षानुवर्षांची कोंडी यांत फरक करायला हवा. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेला १९६४ पासून ऑलिम्पिकचे आणि १९७० पासून कसोटी क्रिकेटचे दार दोन दशकांहून अधिक काळ बंद राहिले, आणि (तेथील अंतर्गत लढा व आर्थिक निर्बंध निर्णायक ठरले, हे मान्य करूनही) खेळवेड्या गोऱ्या समाजाला त्याची झळ रोजच्या जगण्यात बसली. १९७४ मध्ये टेनिसच्या डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचलेल्या भारताने त्या देशाशी खेळण्याचे नाकारून चषकावर पाणी सोडले होते, याचा लेखात उल्लेखही नसावा, हे खटकले.
– एक वाचक, पुणे