उभं राहिलेलं विमान

पुणे,
रविवार सकाळ

प्रिय बंडू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि फोटो मिळाले. फोटो समोर ठेवून बराच वेळ नुसता बघत बसलो होतो. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरच्या कुंपणाला सायकली टेकवून, विंचच्या दोरीनं वर खेचलं जाणारं ग्लायडर मान दुखेपर्यंत बघणारे आपण दोघं! त्यातला एक आता ह्यूस्टनला स्वतःचं विमान घ्यायला निघालाय. मला मनापासून आनंद झालाय, आणि म्हणूनच स्पष्ट लिहितो. इसार दिला नसशील, तर अजून देऊ नकोस.

१९७८ची सेस्ना १७२ एन, रंग नवा, सीट नव्या, ओव्हरहॉलनंतर, म्हणजे पूर्ण उघडून नव्यानं बांधल्यावर, इंजिन फक्त १८० तास चाललेलं, आणि मागणी ९५ हजार डॉलरची. तू लिहितोस, इंजिन जवळजवळ नवंच आहे. अरे, ओव्हरहॉल होऊन १७ वर्षं झालीत. म्हणजे वर्षाला जेमतेम साडेदहा तास. उरलेला सगळा काळ ते विमान गॅल्व्हस्टनच्या खाऱ्या वाऱ्यात बांधून ठेवलेलं होतं.

लायकमिंग कंपनीच्या या इंजिनांत कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, असतो क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या मुख्य दांड्याच्या, वर. इंजिन बंद राहिलं की तेल हळूहळू ओघळून खाली तळाशी जातं आणि कॅम उघडा पडतो. दमट हवेत त्यावर गंज धरायला फार दिवस लागत नाहीत. मग कुणी इंजिन चालू केलं की तो खडबडीत कॅम टॅपेटचं, म्हणजे तो ज्याला ढकलतो त्या तुकड्याचं, तोंड खरवडतो, आणि पोलादाचे कण तेलातून सगळीकडे फिरतात. विकणारा तुला कौतुकानं सांगतोय ना, की दर पंधरवड्याला जमिनीवर इंजिन चालवून ठेवत होतो? त्यानं भलं केलं नाही. विमान उडवून तेल चांगलं तापलं तरच आतला ओलावा निघून जातो. जमिनीवर दहा मिनिटं चालवलं तर उलट आत आणखी पाणी साठतं. कंपनीनं ओव्हरहॉलसाठी २००० तास किंवा १२ वर्षं, जे आधी भरेल ते, असं सांगितलंय. तुमच्याकडे खाजगी मालकावर ते बंधनकारक नाही, पण भाव ठरवताना तू ते बंधनकारकच समज.

हे मी अनुभवानं बोलतोय. मी पूर्वी ज्या फ्लाइंग स्कूलमध्ये होतो, तिथे असंच एक कमी तासांचं सेस्ना १५२ विमान घेतलं होतं. मी म्हटलं होतं, इतकी वर्षं हे उभं का होतं ते आधी विचारा. ‘तास बघा की किती कमी आहेत,’ एवढंच उत्तर मिळालं. पुढच्याच तपासणीला मी तेलाचा फिल्टर कापला, कागदाच्या घड्या उलगडल्या, तर आत चमचम. लोहचुंबक फिरवला, तर कण उडून त्याला चिकटले. ॲल्युमिनियम असतं तर चिकटलं नसतं. इंजिन उतरवावं लागलं. शिकणारी मुलं कित्येक महिने दुसऱ्या विमानाच्या रांगेत ताटकळली, आणि त्यातल्या काहींच्या बापांनी कर्ज काढून फी भरली होती. तो फिल्टर मला अजून डोळ्यांसमोर दिसतो.

आता तुझ्या विमानाच्या भावाचं बघू. समज, ओव्हरहॉलला उतरवणं-चढवणं धरून ४० हजार डॉलर लागतात. २००० तासांवर वाटले तर तासाला २० डॉलर. समज, १००० तास झालेल्या इंजिनाचं असंच विमान तिकडे ८० हजारांना जातं. (जाहिरातीतला आकडा धरू नकोस, ती नुसती मागणी असते. प्रत्यक्ष कितीला गेलं ते विचार.) तुझ्या विक्रेत्यानं त्यावर ८२० तास जास्त शिल्लक म्हणून १६,४०० चढवले आणि थोडे सोडून ९५ सांगितले. त्याचा हिशोब चुकीचा नाही, पण तो इंजिन सतत उडत राहिलंय असं धरून केलेला आहे. माझ्या हिशोबात हे इंजिन संपलेलं धरायचं. मग ८०तून त्या १००० शिल्लक तासांचे २० वजा, म्हणजे ६० हजार. त्याच्या आणि माझ्या हिशोबामधले हे ३५ हजार त्या कॅमवर अवलंबून आहेत.

आणि तो कॅम बघता येतो! १७२ एनमध्ये ओ-३२०-एच२एडी इंजिन असतं. कॅम आणि टॅपेटच्या झिजेसाठी हे इंजिन बदनाम आहे, पण त्याचे टॅपेट क्रँककेस (इंजिनाचं मुख्य कवच) न फोडता बाहेर काढता येतात. नेहमीच्या लायकमिंगमध्ये ही सोय नाही. तेव्हा टॅपेट काढून त्यांची तोंडं आणि आत कॅमचे लोब (उंचवटे) बघू द्या, अशी अट घाल. मजुरी तू दे. मेकॅनिक मात्र तुझा हवा, त्या विमानाची दरवर्षीची तपासणी करणारा अजिबात नको. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर दाब किती धरतो ते, ८०पैकी ७६ आलं म्हणून हुरळून जाऊ नकोस, त्यातून रिंगा आणि व्हॉल्व्ह कळतात, कॅम नाही. टॅपेट स्वच्छ निघाले तर ८०च्या आसपास दे आणि आनंदानं घे. तोंडावर खड्डे दिसले तर ६०. बघूच देत नसेल, तर नमस्कार करून निघ.

रंग, सीट, नवा रेडिओ यांचं म्हणशील, तर लक्ष्मी रोडवर आईबरोबर जुना दागिना मोडायला गेलेला आठव. सराफ सोन्याचे पैसे देतो, घडणावळीचे देत नाही. रेडिओ-जीपीएसला मालकानं खर्चलेल्या पैशांतले निम्मे धर, रंगाला त्याहून कमी. एडीएस-बी (विमानाची जागा आपोआप कळवणारं यंत्र) तेवढं बसवलेलं हवं, २०२० पासून तुमच्याकडच्या मोठ्या विमानतळांभोवती त्यावाचून अडतं.

कागद सांगायला नकोत, पण तरी: एफएएच्या, म्हणजे तुमच्याकडच्या सरकारी विमान खात्याच्या, ओक्लाहोमा सिटीतल्या नोंदीतून त्या विमानाची पूर्ण फाइल मागव. कर्जाचा बोजा आणि मोठ्या दुरुस्त्यांचे ३३७ नंबरचे फॉर्म त्यात निघतील. पंखा (प्रोपेलर) कधी जमिनीला लागला होता का, ते लॉगबुकात शोध. लागला असेल तर नंतर इंजिन उघडून तपासल्याची नोंद हवी. आणि खाऱ्या हवेतलं विमान आहे, म्हणून गालिचा उचलून खालचा पत्रा बघ, पंखांची तपासणीची झाकणं काढून आत टॉर्च मार, शेपटीत वाकून बघ. रत्नागिरीला तुमच्या आजोळच्या दाराच्या कड्या कशा व्हायच्या ते तुला माहीत आहे.

लॉगबुकच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून पाठव, ओव्हरहॉलचं पान सगळ्यात आधी. त्यात कोणते भाग नवे घातले आणि कोणते जुनेच परत बसवले, हे लिहिलेलं असतं. कॅमशाफ्ट नवा होता की घासून पुन्हा बसवला, तेवढं मला वाचायचंय. तुझी संध्याकाळ ती माझी पहाट, तेव्हा निःसंकोच फोन कर.

वहिनींना नमस्कार, पिल्लांना आशीर्वाद.

तुझाच,
दिन्या