‘हेरिटेज स्टीमशिप’च्या नावाखाली घेतलेल्या पैशांबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
मुंबई कार्यालय

विषय: जूनमधील नॉर्वे सहलीची दिशाभूल करणारी जाहिरात आणि परस्पर रद्द केलेली संग्रहालय भेट

महोदय,

मी आणि माझी पत्नी जूनमध्ये आपल्या कंपनीबरोबर नॉर्वेला जाऊन आलो. विमानं, हॉटेलं, जेवण यांबद्दल काही म्हणणं नाही. बोटीबद्दलही नाही, बोट उत्तम होती. ती तुम्ही आमच्या गळ्यात काय सांगून मारलीत, त्याबद्दल हे पत्र आहे.

पत्रकाच्या पहिल्याच पानावर काळा धूर सोडणाऱ्या जुन्या आगबोटीचा फोटो आणि खाली ‘१८९३ पासून धावणाऱ्या ऐतिहासिक स्टीमशिपवर रॉयल क्रूझ’. मी सगळी नोकरी जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली आहे, म्हणून पैसे भरण्याआधी लेखी विचारलं की बोट खरोखर वाफेवर चालते का. ‘होय सर, ओरिजिनल स्टीमर’ असं उत्तर आलं. ती ईमेल सोबत जोडली आहे. नॉर्वेच्या ईशान्य टोकाला किर्केनेसच्या धक्क्यावर जे जहाज उभं होतं ते डिझेलचं. नॉर्वेच्या किनाऱ्याने जाणाऱ्या त्या ‘हुर्टिगरुटन’ बोटमार्गावरची वाफेची इंजिनं दुसऱ्या महायुद्धानंतर हळूहळू मोडीत निघाली. आणि १८९३ ची पहिली बोट, ‘वेस्टेरोलन’, ऑक्टोबर १९४१ मध्ये सोव्हिएत पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडाली, माणसांसकट. तिच्यावर रॉयल क्रूझ कशी घडवणार होता?

आता दुसरा मुद्दा, जो मला पहिल्यापेक्षा जास्त लागला. ही उतारूंची, टपालाची आणि मालाची बोट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नॉर्वेच्या राज्यकर्त्यांना उत्तरेकडे नियमित टपाल हवं होतं. मध्य नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमहून अगदी उत्तरेच्या हॅमरफेस्टला पत्र पोचायला उन्हाळ्यात तीन आठवडे आणि हिवाळ्यात पाच महिने लागत, असं सांगतात. बर्गन आणि ट्रॉनहाइमच्या बड्या कंपन्यांनी हात वर केले, कारण हिवाळ्याच्या काळोखात त्या खडकाळ किनाऱ्याने रात्रीची बोट हाकायची कशी? ट्रॉनहाइमच्या उत्तरेला तेव्हा अवघे २८ दीपस्तंभ होते. रिचर्ड विथ हा उत्तर नॉर्वेतल्या स्टॉकमार्कनेसचा कप्तान तयार झाला, कारण तो आणि त्याचा वाटाड्या आंदेर्स होल्ते यांनी आधीच्या फेऱ्यांत वह्या भरून ठेवल्या होत्या: कोणत्या दिशेला, किती वेगाने, किती मिनिटं जायचं आणि कुठे वळायचं. होकायंत्र आणि घड्याळ. २ जुलै १८९३ ला सकाळी ट्रॉनहाइमहून निघालेली त्यांची बोट, तीच ‘वेस्टेरोलन’, ६७ तासांत हॅमरफेस्टला लागली. खाली बॉयलरपाशी कोळसा ओढणाऱ्यांचं नाव कुठे येत नाही, ते येतही नसतं. पण ६७ तास दाब टिकवून धरणं म्हणजे काय, हे ज्याने ते काम केलंय त्यालाच विचारा.

मी रत्नागिरीचा. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटीने लहानपणी घरी जायचो. जिथे धक्का नसे तिथे बोट खोल पाण्यात उभी राही आणि पडाव येऊन उतारू, ट्रंका, आंब्याच्या पेट्या घेऊन जात. नॉर्वेच्या लहान गावांतही धक्के बांधले जाईपर्यंत असंच चाले. आमची बोट मात्र पावसाळ्यात बंद असायची, त्यांची ऐन हिवाळ्यातही सुटायची. ज्याला ‘क्रूझ’ म्हणून तुम्ही दामदुप्पट पैसे लावता, ती मूळची अशी वस्तीची गाडी आहे.

हे तुमच्या माणसांनी एका ओळीने सांगितलं असतं तर गटात तमाशा झाला नसता. बोट रात्री-अपरात्री थांबते म्हणून लोक चिडले. लाउंजमध्ये गावकरी येऊन बसले तेव्हा तुमच्या टूर मॅनेजरने रिसेप्शनवर जाऊन ‘बाहेरचे लोक आमच्या क्रूझवर कसे?’ असं विचारलं. त्या बाईंनी शांतपणे सांगितलं की ते तिकीट काढून पुढच्या बंदरापर्यंत चाललेत. मला मान खाली घालावी लागली. मेहाम्न या उत्तरेच्या लहान बंदरात मध्यरात्रीनंतर, लख्ख उजेडात, मी डेकवर उभा होतो. बोटीच्या कुशीतलं दार उघडलं, फोर्कलिफ्ट आत गेली, प्लास्टिकने गुंडाळलेले माल उतरले, एक म्हातारी पिशवी घेऊन चढली, दोर सुटले. सगळं चहा निवायच्या आत. मॅनेजर म्हणाला, ‘काका, झोपा, इथे बघण्यासारखं काही नाही.’

आणि शेवटी स्टॉकमार्कनेस. दक्षिणेला येताना बोट तिथे दुपारी तासभर थांबते. धक्क्याला लागूनच या मार्गाचं संग्रहालय आहे: काचेच्या प्रचंड इमारतीत १९५६ चं ‘फिनमार्कन’ हे अख्खं जहाज ठेवलंय, आणि त्याच नावाच्या १९१२ च्या आगबोटीचा जुना सलूनही. सहलीत खऱ्या आगबोटीचा हात लावता येईल असा अंश होता तो एवढाच, आणि तुमच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘प्रवेशशुल्कासह’ असं छापलेलं होतं. त्या तासात आम्हाला वरच्या लाउंजमध्ये तांबोला खेळायला बसवलं. कारण? ‘कोणी मागे राहिलं तर जबाबदारी कोणाची? संध्याकाळी स्वोल्वेरला दोन तास आहेत, तिथे शॉपिंग करा.’ मी एकटा उतरतो म्हटलं, तर पासपोर्ट गटाबरोबर आहेत, असं सांगून अडवलं. इमारत डेकवरून दिसत होती, आतल्या जहाजाच्या नाकासकट.

माझ्या मागण्या अशा: पावतीत ‘हेरिटेज स्टीमशिप’ म्हणून वेगळी लावलेली रक्कम दोघांची पूर्ण परत करावी. संग्रहालयाचं प्रवेशशुल्क परत करावं. पत्रकातला फोटो आणि १८९३ चा मजकूर काढून, बोट डिझेलवर चालते, रात्रीही बंदरं घेते आणि तिच्यावर स्थानिक उतारू असतात, हे ठळक छापावं. हे शेवटचं मला पैशांपेक्षा महत्त्वाचं वाटतं. पण म्हणून पैसे सोडणार नाही.

पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. फोनवर गोड बोलून पुढच्या सहलीचं कूपन देऊ नये, ते एकदा देऊन झालंय. उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पत्रक, पावती, कार्यक्रमपत्रिका आणि ईमेल यांच्या प्रती सोबत आहेत.

आपला,
एक निवृत्त मरीन इंजिनीअर
रत्नागिरी