रिपोर्टची शेवटची ओळ

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या अंकात स्तनांच्या कर्करोगाच्या तपासणी शिबिराची बातमी वाचली. शिबिरं व्हायलाच हवीत. पण गाठ काढल्यानंतर जो कागद हातात पडतो, त्याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं, स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन नऊ वर्षांपूर्वी झालं. गेल्या वर्षी त्याच बाजूच्या काखेत कातडीला चिकटलेली, हरभऱ्याएवढी गाठ लागली. इथल्याच एका दवाखान्यात ती काढली. रिपोर्टात ग्रंथीचा कर्करोग आला आणि जुना इतिहास माहीत असलेल्या डॉक्टरांनी उभ्या उभ्याच सांगितलं, "पसरलाय." अक्का काही बोलली नाही. घरी येऊन तिनं कपाटातल्या इरकली साड्या सुनांना वाटायला काढल्या.

रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती: त्वचेतला मूळ कर्करोग की स्तनातून आलेला, हे ठरवण्यासाठी इम्युनो तपासणी करावी. ती ओळ आम्हाला कुणी वाचून दाखवली नाही. भाच्याला ती आठ दिवसांनी दिसली. गाठीसोबत गेलेल्या फॉर्मवर 'काखेतली गाठ' एवढंच लिहिलं होतं, हेही तेव्हाच कळलं. तपासणाऱ्याला जुना आजार माहीत नाही आणि उपचार करणाऱ्यानं त्याची शंका वाचलेली नाही!

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत तीस वर्षं डाइंग मास्तर होतो. सुती सूत धरतं तो रंग पॉलिस्टर धरत नाही, हे आमचं रोजचंच. इम्युनो तपासणीचंही थोडंफार तसंच. पेशीतल्या ठरावीक प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी सोडतात आणि ती जिथं चिकटते तिथं तपकिरी रंग उमटतो. अडचण अशी, की स्तन ही मुळात घामाच्या ग्रंथीचंच बदललेलं रूप. त्यामुळे गाटा३, इस्ट्रोजेन रिसेप्टर अशा प्रथिनांच्या खुणा दोन्हीकडे रंगू शकतात. अक्काच्या गाठीत त्या दोन्ही रंगल्या होत्या. तेवढ्यावर थांबले असते तर उलट पसरल्याचाच संशय पक्का झाला असता. निवाड्याला उपयोगी पडतात त्या पी६३, सीके५/६ आणि पोडोप्लानिन. त्वचेच्या ग्रंथीतल्या मूळ कर्करोगात या बहुधा रंगतात, स्तनातून आलेल्यात बहुधा नाही. अपवाद दोन्हीकडे असतात. म्हणून जाणकार पॅथॉलॉजिस्ट एका खुणेवर निकाल देत नाहीत. सगळा संच, जुन्या ऑपरेशनच्या स्लाइड आणि स्कॅन एकत्र बघतात.

अक्काच्या गाठीत तिन्ही रंगल्या. मायक्रोस्कोपखाली पी६३ चे तपकिरी ठिपके मला दाखवले, निळसर पेशींत मोहरी सांडल्यासारखे. जुन्या स्लाइडमध्ये ते नव्हते. स्कॅनमध्ये दुसरीकडे कुठं काही निघालं नाही. कर्करोग घामाच्या ग्रंथीचाच होता. भोवतालची कातडी रुंद कापून काढली. पसरलेल्या आजाराची औषधं लागली नाहीत. तपासणी आता नियमित चालू आहे.

हे जमलं ते ब्लॉकमुळे. गाठीचा तुकडा मेणाच्या वडीत घालून ठेवतात, ती वडी नीट ठेवली तर बरीच वर्षं टिकते आणि तिचे तीन-चार मायक्रॉनचे काप घेऊन पुन्हा तपासता येतं. नऊ वर्षांपूर्वीचा ब्लॉक घरी अक्काच्या फाइलमध्ये, औषधाच्या रिकाम्या डबीत निघाला. नवा ब्लॉक मिळवायला मात्र चार खेपा. 'साहेब नाहीत', 'अर्ज आणा', 'उद्या या'.

जिल्ह्यातल्या दवाखान्यांना आणि लॅबना विनंती, की गाठ पाठवताना फॉर्मवर जुना कर्करोग, त्याचं वर्ष आणि गाठ नेमकी कुठली हे लिहावं, रिपोर्टची शेवटची ओळ नातेवाइकांना वाचून दाखवावी आणि ब्लॉक मागितला तर त्याच दिवशी द्यावा. शिबिरांत जी पत्रकं वाटतात, त्यात ब्लॉक म्हणजे काय हे दोन ओळींत छापलं तरी चालेल.

आपला,
एक निवृत्त डाइंग मास्तर,
सोलापूर