बंद दाराआडचा राक्षस

प्रिय मनू,

काल रात्री 'यंग फ्रँकेन्स्टाइन' हा विनोदी सिनेमा पुन्हा पाहिला, राक्षस घडवणाऱ्या डॉक्टरचा. तू नऊ वर्षांची असताना आपण दोघांनी पाहिला होता, आठवतं? वीज कडाडली की माझा दंड घट्ट धरायचीस आणि लगेच खो खो हसायचीस. डॉक्टरचा मदतनीस आयगॉर, त्याचं कुबड कधी डाव्या खांद्यावर असतं, कधी उजव्या, हे माझ्याआधी तुलाच दिसलं होतं. आयगॉर झालेला मार्टी फेल्डमन ते शूटिंगच्या वेळी गुपचूप बदलायचा म्हणे, सेटवरच्यांच्याही ते काही दिवस लक्षात आलं नव्हतं.

तेव्हा मला ती जुन्या भयपटांची टिंगल वाटली होती. काल तसं मुळीच वाटलं नाही. १९७४ साली सगळीकडे रंगीत सिनेमा असताना दिग्दर्शक मेल ब्रूक्स कृष्णधवलच हवा म्हणून अडून बसला, त्यापायी एक स्टुडिओही सोडला. १९३१च्या 'फ्रँकेन्स्टाइन'साठी केनेथ स्ट्रिकफॅडन यांनी बनवलेली यंत्रं त्यांनी जपून ठेवली होती, तीच आणून प्रयोगशाळा मांडली. नुसती थट्टाच करायची असती, तर पुठ्ठ्याची यंत्रंसुद्धा चालली असती की!

आंधळ्या साधूकडे राक्षस जातो तो प्रसंग १९३५च्या सिनेमातून आलेला. साधू झालेला जीन हॅकमन कढत सूप थेट राक्षसाच्या मांडीवर ओततो, सिगार समजून त्याचा अंगठाच पेटवतो. मी हसलोच. पण राक्षस पळून गेल्यावर त्या म्हाताऱ्याचा चेहरा कसा उतरतो, हे मला पहिल्यांदाच दिसलं. इतक्या दिवसांनी कुणी पाहुणा आला होता गं त्याच्याकडे.

आणि ती खोली. डॉक्टर झालेला जीन वाइल्डर राक्षसाच्या खोलीत जाताना सगळ्यांना बजावतो, मी आतून कितीही ओरडलो तरी दार उघडू नका. राक्षस जागा होताच डॉक्टर स्वतःच दार बडवून गयावया करतो. कुणी उघडत नाही. मग तो वळतो आणि त्या शिवणी घातलेल्या, अजस्र देहाला म्हणतो, किती देखणा आहेस तू! राक्षस झालेला पीटर बॉयल गोंधळून नुसता बघत राहतो. थोड्या वेळाने त्याचं डोकं छातीशी धरून वाइल्डर सांगतो, हा गुणी मुलगा आहे, आणि तो आडदांड राक्षस ढसाढसा रडतो. लहानपणी तू इथे हसली होतीस, मीही. काल मला पुढचं काही दिसेना.

तू अकरावीत असताना चार दिवस दार लावून बसली होतीस. मी बाहेरून अभ्यासाचंच विचारत राहिलो. आत येऊन तुला जवळ घ्यायला हवं होतं, मनू. ते राहून गेलं, आणि मला ते तुला लिहून सांगायचं होतं.

सुट्टीत आलीस की पुन्हा लावू. संगीतकार जॉन मॉरिसची सिनेमातली ती व्हायोलिनची धून सुरू झाली की मात्र बोलू नकोस, मला ती तुझ्याशेजारी बसून नीट ऐकायची आहे.

तुझा,
बाबा