परदेश सहलीचा हिशेब आणि विसरलेली औटकी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्या जवळ आल्या की वर्तमानपत्रांत परदेश सहलींच्या पानभर जाहिराती सुरू होतात. आकडा ठळक, त्याच्या डोक्यावर बारीक चांदणी आणि शेजारी 'प्रत्येकी, पासून'. अलीकडे तो आकडाही मागे पडला. 'महिना फक्त इतके' एवढ्यावरच काम भागते. सहल परवडेल का, हे यातल्या कुठल्याच आकड्यावरून कळत नाही. ते कळायला त्रैराशिक, शेकडेवारी आणि एक छोटी बेरीज पुरते. शाळेत शिकलेले हे गणित कसे लावायचे ते एका उदाहरणाने मांडतो.

पुण्याचे चौघांचे कुटुंब धरू: आईवडील, चौदा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा. दीड वर्षाने व्हिएतनामला जायचे आहे. सात रात्री, हनोई आणि दा नांग. डॉलरला ९० रुपये आणि डॉलरला २६,००० डोंग (व्हिएतनामचे चलन) हे दर आणि खालच्या बहुतेक किमती हिशेबापुरत्या धरल्या आहेत. त्या दिवशीचे आकडे वेगळे निघतील, रीत बदलणार नाही.

वहीत तीन रकाने आखावेत: रुपयांत द्यायचे, डॉलरमध्ये ठरलेले आणि तिथे जाऊन डोंगमध्ये सुटे खर्चायचे. बहुतेक जण सगळ्याचे लगेच रुपये करून एकच रकाना भरतात आणि पहिली चूक तिथेच होते. दर हलला की यातले काय हलणार, ते मग दिसतच नाही.

रुपयांच्या रकान्यात सामानासकट जाण्यायेण्याचे विमान, ३०,००० प्रमाणे १,२०,०००. विमा ४,०००. पुण्याहून मुंबई विमानतळापर्यंतची गाडी दोन्ही वेळची १०,०००. ही ओळ हमखास राहून जाते. एकूण १,३४,०००. डॉलरच्या रकान्यात ई-व्हिसा २५ डॉलर प्रमाणे १००, दोन खोल्या सात रात्री ४० प्रमाणे ५६०, हनोई–दा नांग विमान जाऊन-येऊन चौघांचे ३६०, हा लाँग बेची दिवसाची बोट १८०. झाले १,२०० डॉलर, म्हणजे १,०८,००० रुपये. डोंगच्या रकान्यात जेवणखाण माणशी रोज ४ लाख, म्हणजे १ कोटी १२ लाख. बा ना हिल्सचे तिकीट ९ लाख प्रमाणे ३६ लाख. टॅक्सी, सिम कार्ड, टिपा ५६ लाख. खरेदी ७० लाख. बेरीज २ कोटी ७४ लाख डोंग. (तिकडे बऱ्याच ठिकाणी मुलांचे तिकीट वयावर नव्हे, उंचीवर ठरते. १ ते १.४ मीटरमध्ये बसणाऱ्या मुलाचे कमी पडते, तेव्हा निघण्यापूर्वी मुलाला भिंतीशी उभे करून उंची मोजून घ्यावी.)

या कोटींना घाबरायचे कारण नाही. धरलेल्या दराने १,००० डोंग म्हणजे ३ रुपये ४६ पैसे, जवळजवळ साडेतीन. आपल्या आजीआजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून शेवटी औटकी म्हटली होती. औट म्हणजे साडेतीन. तीन शून्ये खोडा, उरलेल्याला औटाने गुणा. ६०,००० डोंगचे फो सूप असेल तर ६० औटे २१०. ८५ सारखा अडनिडा आकडा आला तर तिप्पट २५५, त्यात ८५ चे निम्मे साडेबेचाळीस, झाले २९७ रुपये ५० पैसे. मोबाइल बाहेर काढण्याआधी उत्तर तयार. शिवाय साडेतीन हा खऱ्या दराहून किंचित जास्त आहे, त्यामुळे चूक झालीच तर आपल्या सोयीची होते. जाण्याच्या आठवड्यात मात्र दर पाहून गुणक नवा ठरवावा, कारण दर पावणेतीनवर असेल तर औटकी फसवेल. आपल्या वहीतले २ कोटी ७४ लाख म्हणजे २७,४०० गुणिले साडेतीन, ९५,९०० रुपये. तिन्ही रकाने मिळून ३,३७,९००.

शून्यांचा घोळ कागदावर होत नाही, नोटांवर होतो. व्हिएतनामची २०,००० ची आणि ५,००,००० ची, दोन्ही नोटा निळ्या आणि दोन्ही गुळगुळीत प्लास्टिकच्या. एक ७० रुपयांची, दुसरी १,७५० ची. टॅक्सीच्या अंधारात ७० च्या जागी १,७५० दिले की पंचवीस पटीचा फटका. पाच लाखाच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवाव्यात, त्यावर दुसरा उपाय नाही.

आता हातचा. ३,३७,९०० हा आजचा आकडा आणि सहल दीड वर्षाने. २०१४ च्या अखेरीस डॉलर ६३ रुपयांच्या आसपास होता, २०२४ च्या अखेरीस साडेपंच्याऐंशी. दहा वर्षांची ही चाल वर्षाला साधारण ३ टक्के पडते. म्हणून दीड वर्षासाठी ५ टक्के धरावेत, पण फक्त परकीय चलनातल्या २,०३,९०० वर: १०,२०० रुपये. तीन रकाने केले ते याचसाठी. कार्डाने खर्च केला तर बँकेचे परकीय चलनाचे शुल्क लागते. ते ३.५ टक्के असेल तर त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ४.१३ टक्के होते. सगळा परकीय खर्च कार्डाने केला तर ८,४०० रुपये. वर चुकलेली बस, बदललेले विमान, पोराचा ताप यांसाठी मूळ बेरजेच्या दहा टक्के, ३३,८००. म्हणजे बेरीज ३,९०,००० च्या घरात जाते. मूळ आकड्याच्या सुमारे १५ टक्के जास्त. सहलीहून परतल्यावर क्रेडिट कार्डाचे बिल ज्यांना दचकवते, त्यांनी बहुतेक हा हातचाच घेतलेला नसतो.

साठवायचे कसे? ३,९०,००० भागिले १८, महिना २१,६६७, असे उत्तर कोणीही देईल आणि ते चुकीचे आहे. सगळे पैसे एकाच दिवशी लागत नाहीत. तिकिटे पाच-सहा महिने आधी काढावी लागतात, त्यामुळे विमानांचे १,५२,४०० बाराव्या महिन्यात हातात हवेत. अठरा महिन्यांचे एकच आवर्ती खाते (दरमहा ठरावीक रक्कम भरायची ठेव) काढले की बाराव्या महिन्यात ते मोडावे लागते आणि मुदतीपूर्वी मोडल्याबद्दल बँक व्याज कापते. म्हणून दोन खाती: एक बारा महिन्यांचे तिकिटांसाठी, दुसरे अठरा महिन्यांचे बाकीसाठी.

हप्ता काढायला बँकेत जावे लागत नाही. बारा हप्त्यांत पहिला बारा महिने व्याज कमावतो, दुसरा अकरा, शेवटचा एकच. १२ पासून १ पर्यंतची बेरीज ७८: पहिला आणि शेवटचा मिळून १३, अशा सहा जोड्या. अठरा हप्त्यांना हीच बेरीज १७१ येते. व्याज साडेसहा टक्के धरले तर दरमहा १२,३०० भरून बारा महिन्यांचे व्याज ७८ × १२,३०० × ६.५ ÷ १२००, म्हणजे ५,१९७ रुपये, हाती १,५२,७९७. दुसऱ्या खात्यात १२,६०० भरून अठरा महिन्यांनी २,३८,४७१. बँक तिमाही चक्रवाढ देते म्हणून प्रत्यक्षात थोडे जास्त येईल आणि त्या व्याजावर आयकर लागला तर थोडे जाईल. महत्त्वाचे हे की पहिल्या वर्षी महिना २४,९०० काढावे लागतात आणि नंतरचे सहा महिने १२,६००. पहिल्या वर्षाचा आकडा झेपत नसेल तर सहल सहा महिने पुढे ढकलावी. हप्ता मध्येच चुकवू नये.

दीड वर्षाच्या सहलीसाठी शेअर बाजारातली एसआयपी, म्हणजे दरमहा ठरावीक गुंतवणूक, सुचवणारे सल्लागार भेटतात. शंभराचे ऐंशी झाले की पडझड वीस टक्क्यांची, पण ऐंशीचे परत शंभर व्हायला पंचवीस टक्के चढ लागतो, आणि त्याला सहलीची तारीख ठाऊक नसते. इतक्या कमी मुदतीला आवर्ती ठेवच बरी.

जाहिरातीतल्या हप्त्यालाही हीच ७८ ची पट्टी लावावी. ३,९०,००० चे कर्ज, 'फक्त १० टक्के फ्लॅट' (म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवरच व्याज), बारा हप्ते. व्याज ३९,०००, हप्ता ३५,७५०. पण दर महिन्याला मुद्दलातले ३२,५०० फिटत जातात, म्हणजे वर्षभर ३,९०,००० आपल्याकडे नसतातच. सरासरी थकबाकी ७८ × ३२,५०० ÷ १२, म्हणजे २,११,२५०. तिच्यावर ३९,००० म्हणजे अठरा टक्क्यांच्या आसपास. दर दहा टक्के छापायचा आणि वसूल अठराने करायचा, यात बेकायदेशीर काही नसेल, पण सातवीतला मुलगाही हे पकडू शकतो. 'नो कॉस्ट', म्हणजे बिनव्याजी म्हणवणाऱ्या हप्त्यातही प्रक्रिया शुल्क, व्याजाच्या भागावरचा जीएसटी आणि रोखीत मिळाली असती ती सूट, या तिन्हींची बेरीज करून पाहावी.

पॅकेज घेणाऱ्यांनी चांदणीखालचे अक्षर भिंगाने वाचावे. छापलेल्या आकड्यावर ५ टक्के जीएसटी बऱ्याचदा वेगळा असतो. दर दोघांत एक खोली धरून असतो, त्यामुळे तिघांचे कुटुंब फसते. आणि '६ रात्री ७ दिवस' यातला पहिला आणि शेवटचा दिवस विमानतळावरच जातो. दिवसाचा खर्च काढताना भागाकार रात्रींनी करावा. वर टीसीएस, म्हणजे आगाऊ कापलेला आयकर. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो ७ लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे २० टक्के झाला, एप्रिल २०२५ मध्ये ती मर्यादा १० लाखांवर गेली. अर्थसंकल्पागणिक दर बदलतो, म्हणून बुकिंगच्या दिवशीचा दर लेखी मागावा. हा खर्च नव्हे, अडकलेला पैसा आहे. विवरणपत्रात वळता होतो. ४ लाखांच्या पॅकेजवर ५ टक्के असेल तर २०,००० रुपये काही महिने हाताबाहेर. ते भरताना ज्याला आयकर लागतो त्याचाच पॅन द्यावा. कर न लागणाऱ्या आजोबांच्या नावे भरले तर केवळ परताव्यासाठी त्यांना विवरणपत्र भरावे लागते.

चलन घेताना 'शून्य कमिशन' या पाटीकडे न पाहता शेवटचे एकूण रुपये विचारावेत. १,५०० डॉलर एकाकडे ९१.२० ने बिनकमिशन म्हणजे १,३६,८००, दुसऱ्याकडे ९०.६० ने आणि २०० कमिशन म्हणजे १,३६,१००. कमिशनवाला ७०० ने स्वस्त. ५०,००० रुपयांच्या वरचे चलन रोखीने घेता येत नाही, चेक किंवा ऑनलाइन पैसे द्यावे लागतात. व्हिएतनामसाठी डॉलर नेऊन तिथे मोडावेत. नोटा कोऱ्या घ्याव्यात, चुरगळलेली वा शाई लागलेली नोट तिथे परत करतात. आणि दुकानात कार्ड यंत्राने 'रुपयांत की डोंगमध्ये' विचारले तर नेहमी डोंग. १४ लाख डोंगचे बिल आपल्या बँकेचे शुल्क धरून सुमारे ५,०५० रुपयांना पडते. पडद्यावर ५,२०० दिसले तर वरचे दीडशे त्या सोयीचे, आणि अशी बिले सहलीत अनेकदा येतात.

पासपोर्टची तारीखही वहीतच लिहावी. मोठ्यांचा दहा वर्षे चालतो, लहान मुलांचा पाचच, आणि प्रवासाच्या वेळी सहा महिने मुदत शिल्लक हवी. ऐनवेळी लक्षात आले तर तत्काळचे माणशी २,००० जादा. व्हिसा शुल्क तर अर्ज फेटाळला तरी परत येत नाही. याच कुटुंबाने युरोप ठरवला तर शेंगेन व्हिसाचे मोठ्यांचे ९० युरो आणि नऊ वर्षांच्या मुलाचे ४५, एकूण ३१५ युरो होतात. मुलगी चौदाची, म्हणून तिचे पूर्ण. युरो १०५ रुपये धरला तर ३३,००० च्या वर, तेही अर्ज केंद्राचे शुल्क सोडून. व्हिएतनामला हाच आकडा ९,००० होता.

आपल्याकडे एक विनंती आहे. पर्यटन पुरवणीत सहलींचे दर छापताना शेजारी चार ओळींची चौकट द्यावी: चौघांच्या कुटुंबाची करांसकट एकूण रक्कम, चलनाचा दर कोणत्या तारखेचा, काय धरलेले नाही, आणि हप्ता असल्यास घटत्या शिलकीवरचा खरा व्याजदर. जाहिरातदार ही माहिती देत नसतील तर त्या रकान्यात 'सांगितले नाही' एवढे छापले तरी चालेल.

आपला,
गणिताचा एक शिक्षक, सातारा