ती यादी तशीच राहू द्या

ती. आई आणि बाबा,
शि. सा. नमस्कार.

बाबांनी पाठवलेला विंडोजच्या 'ऑप्शनल अपडेट्स' यादीचा फोटो मोठा करून नीट पाहिला. लॅपटॉप बिघडलेला नाही, जुनाटही झालेला नाही. यादीतल्या त्या सात अपडेट्सच्या नावांपैकी सहा घ्यायची नाहीत आणि फक्त ब्लूटूथचं घ्यायचं, असं मी ठरवलंय. दिवाळीआधी माझं येणं होत नाही म्हणून मी हात झटकतेय असं वाटून घेऊ नका. शेजारच्या खोलीत बसले असते तरी हेच सांगितलं असतं.

बाबा, तुमचा प्रश्न मला ऐकू येतोय: 'फुकट आहे, नवीन आहे, मग का नको?' ड्रायव्हर म्हणजे टचपॅड, स्पीकर असा एकेक भाग विंडोजला चालवू देणारं छोटं सॉफ्टवेअर. मशीनला जे ड्रायव्हर लागतातच ते विंडोज न विचारता घालतं. ज्यांच्यावाचून काही अडत नाही, ते 'ऑप्शनल अपडेट्स'मध्ये पडून राहतात. शिवाय टचपॅडचा आणि आवाजाचा ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीने त्या मॉडेलसाठी बेतलेला असतो. यादीतला बऱ्याचदा सगळ्यांना चालेलसा असतो. मापाने शिवलेला सदरा काढून दुकानातला तयार कशाला घालायचा? मग दोन बोटांनी पान सरकवणं बंद पडतं, नाहीतर स्पीकर कुजबुजायला लागतो. वाय-फायचा बिघडला तर आणखी पंचाईत, कारण दुरुस्ती उतरवायला नेटच उरत नाही. (तसं झालंच तर फोन यूएसबी केबलने जोडा आणि फोनमध्ये 'यूएसबी टेदरिंग' सुरू करा, म्हणजे फोनचं नेट लॅपटॉपला मिळेल.)

एका नावापुढे १८ जुलै १९६८ ही तारीख पाहून तुम्ही चक्रावलात ना? ती चूक नाही. तो इंटेल कंपनीचा स्थापना दिवस. चिपसेटच्या (बोर्डावरचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या चिपांच्या) फायलींवर इंटेल मुद्दाम जुनी तारीख घालतं, म्हणजे त्या भागासाठी दुसरा खास ड्रायव्हर असेल तर विंडोज त्यालाच आधी धरतं. या फायली मुख्यतः विंडोजला भागांची नावं सांगतात. नवी घातल्याने वेग वाढत नाही.

'फर्मवेअर' लिहिलेल्या ओळीला मात्र अजिबात हात लावू नका. ते थेट बोर्डावरच्या चिपमध्ये लिहिलं जातं. ते चालू असताना लॅपटॉप मध्येच बंद झाला तर पुन्हा सुरूच न होण्याची भीती असते, आणि तुमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, बॅटरीही आता दमलीय. त्यानंतर कधी कधी निळ्या पडद्यावर बिटलॉकरची, म्हणजे डिस्कच्या कुलपाची, ४८ अंकी किल्लीही मागतात. ती छापून बँकेच्या फाइलमध्ये मागच्या कप्प्यात ठेवली आहे. आई, तो कागद रद्दीत टाकू नकोस गं.

आता ब्लूटूथ. ते घ्यायचं, कारण बोलता बोलता बाबांचा हेडफोन तुटतो. तक्रार आहे आणि तिच्याच भागाचा ड्रायव्हर यादीत आहे, म्हणून. उपाय होईलच अशी खात्री नाही, पण परत फिरता येतं. चार्जर लावा. स्टार्टमध्ये इंग्रजीत 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' लिहून उघडा (काही बिघडलं तर विंडोजला आजच्या स्थितीत परत नेणारी ही खूण). सी ड्राइव्हसमोर 'ऑन' दिसायला हवं. 'ऑफ' असेल तर 'कॉन्फिगर'मध्ये जाऊन सुरू करा आणि पाचेक टक्के जागा द्या. मग 'क्रिएट' दाबून नाव द्या. त्यानंतर सेटिंग्ज, विंडोज अपडेट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, ऑप्शनल अपडेट्स. 'ड्रायव्हर अपडेट्स' उघडून फक्त ब्लूटूथसमोर खूण करा, खालचं बटण दाबा, आणि झालं की रीस्टार्ट.

हेडफोन आणखी बिघडला तर स्टार्टवर उजवी क्लिक, डिव्हाइस मॅनेजर, ब्लूटूथ. तिथे तोच भाग निवडून प्रॉपर्टीज, ड्रायव्हर, 'रोल बॅक ड्रायव्हर'. ते बटण पुसट असेल तर जुना ड्रायव्हर जपून ठेवलेला नाही असं समजा. मग रिस्टोअर पॉइंटवर परत जायचं.

आई, तुझी कीर्तनं, पाककृतींची फाइल, मोठी केलेली अक्षरं, नातवाचे फोटो, सगळं जिथल्या तिथे राहील. रिस्टोअर केलं तरी तुमच्या फायलींना धक्का लागत नाही. बाबांचा सकाळचा ई-पेपर आणि आपला रविवारचा व्हिडिओ कॉलही तसाच चालेल. बाबा, रेडिओचं मागचं झाकण काढून बसलात की स्क्रू ठेवायची वाटी माझ्या हातात द्यायचात. तो मान मला अजून हवाय, म्हणून हे काम शनिवारी सकाळी करा, मी फोनवर असेन.

आणि दोघांनीही ऐका. दर महिन्याचं सुरक्षेचं अपडेट या यादीत नसतं, ते पहिल्याच पानावर येतं. अमेरिकेत दुसऱ्या मंगळवारी सुटतं, आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली असते, म्हणून बुधवारी दिसेल. ते टाळायचं नाही. रीस्टार्ट मागितला की चहाला उठा. 'तुमचे ड्रायव्हर जुने झाले' म्हणणारी खिडकी उघडली तर बंद करा, ड्रायव्हर शोधून देणारं कुठलंही सॉफ्टवेअर घालू नका, आणि मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय म्हणणाऱ्याचा फोन सरळ ठेवून द्या. बाबा, तुम्हाला लोकांना तोडून बोलता येत नाही हे ठाऊक आहे, तेव्हा असा फोन आला की आईकडे द्या.

पडदा अचानक काळा झाला तर घाबरू नका. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणं एकदम दाबा. पडद्याचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, उघडी कामं बंद होत नाहीत. मोतीबिंदूच्या डोळ्यांना त्रास नको म्हणून रात्री 'नाइट लाइट' चालू असू द्या, आणि अकरानंतर लॅपटॉप बंद.

तुमची,
मनी