घट बसण्याआधी निघणारी अडगळ जाते कुठे?

संपादक महोदय,

पितृपंधरवडा सरत आला की सोलापुरात गच्चीगच्चीवर चादरी आणि वाकळा वाळत पडतात. घट बसायच्या आत घरातलं अंथरूण-पांघरूण धुऊन निघालंच पाहिजे, ही आपली रीत. घर झाडलं की अडगळही निघते. तिचं पुढं काय होतं ते बघायचं असेल तर त्या दिवसांत कुठल्याही बोळाच्या तोंडाशी उभं राहावं. फोमच्या गाद्या, तडकलेल्या तसबिरी, मागचं झाकण उचकटलेला टीव्ही, सगळं तिथं भेटतं. घंटागाडी रोजचा ओला-सुका कचरा नेण्यासाठी असते. तिच्यात गादी कोंबा म्हणून गाडीवरच्या पोरांशी हुज्जत घालण्यात काय हशील?

माझी सगळी नोकरी टॉवेल कारखान्यात हिशेब लिहिण्यात गेली. यंदा मुलाकडे जुळे सोलापुरात राहायला जायचं ठरलं, म्हणून साखर पेठेतलं घर मोकळं केलं. माळ्यावरून जे उतरलं त्यातल्या बहुतेक वस्तूंना या गावात गिऱ्हाईक आहे. फक्त वस्तू निवडून, वेगळी करून द्यायला हवी. एकाच गाठोड्यात सगळं बांधलं की चांगल्याचंही वाटोळं होतं.

कपड्यांचंच घ्या. बोहारीण आमच्या गल्लीत आता फारशी फिरकत नाही, म्हणून लोक गाठोडं उचलून कामवाल्या मावशींच्या हातात देतात आणि ‘गरिबाला होईल’ म्हणून मोकळे होतात. चेन तुटलेली पँट आणि बाह्या विटलेला ब्लाऊज कुठल्या गरिबाला होतो? ती बाई ते गाठोडं पुढच्या उकिरड्यावर टाकते, आणि नाव तिचं खराब होतं. मध्यंतरी ठिकठिकाणी ‘माणुसकीची भिंत’ निघाली होती; आपल्याला नको असलेले कपडे तिथं ठेवायचे, गरजूंनी न्यायचे. हेतू चांगला होता, पण लोकांनी भिंतीलाही चिंध्याच दिल्या.

अंगात घालण्याजोगे कपडे धुऊन, बटणं लावून द्यावेत. बाकीच्यांत सुती कोणतं ते ओळखावं. कारखान्यात आम्ही सुताचं टोक काडीनं पेटवून बघायचो. कापूस असेल तर कागद जळल्याचा वास येतो आणि बोटात धरली की राख उडून जाते. पॉलिस्टर आकसतं, टोकाला काळी टणक गाठ बसते. घरी हाच प्रयोग मोरीत, पाण्याचा तांब्या जवळ ठेवून करता येतो. सुती कापड तेल आणि ग्रीस शोषतं, म्हणून गॅरेजवाले आणि छापखानेवाले जुन्या सुती चिंध्या घेतात. फाटलेल्या सोलापुरी चादरीचा तुकडा त्यांना नव्या फडक्याहून बरा वाटतो. जुन्या सुती साड्यांची वाकळ होते. पॉलिस्टर साडीला मात्र पुसायच्या कामात कोणी विचारत नाही. कापसाची गादी पिंजून, नवी खोळ घालून पुन्हा भरता येते. फोमच्या गादीचं तसं काही होत नाही, आणि माझा खरा मुद्दा अशाच वस्तूंचा आहे.

त्याआधी देवाच्या फोटोंबद्दल. पिंपळाच्या पारावर नाहीतर तळ्याच्या काठी तसबीर ठेवून येणं ही काही भक्ती नव्हे. तिथं काच फुटते आणि कुणाच्या तरी पायात जाते. आमच्या सासूबाईंच्या विठोबाला मागून वाळवी लागली होती. नमस्कार करून मी तसबीर पालथी घातली, पक्कडीनं बारीक खिळे काढले, मागचा पुठ्ठा सोडवला. शेजारच्या सूनबाई म्हणाल्या, “काकू, देवाला पक्कड लावता?” म्हटलं, देवाला नाही गं, खिळ्याला लावते. काच जाड वर्तमानपत्रात गुंडाळून वर ठळक ‘काच’ असं लिहिलं आणि घंटागाडीवाल्याच्या हातात दिली. चित्राचा कागद रात्रभर बादलीत भिजवला, लगदा कुंडीत मिसळला. लॅमिनेशन केलेला फोटो असा विरघळत नाही. तो सुक्या कचऱ्यातच जायला हवा, पाण्यात नव्हे.

रद्दी, लोखंड, पितळ यांची काळजी भंगारवाला घेतो, त्याला शिकवायला नको. पण जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही त्याला देऊ नये. मागच्या तांब्याच्या वेटोळ्यासाठी तो फोडला जातो आणि शिसं असलेली जाड काच नाल्याकाठी पडून राहते. वायरी जाळून तांबं काढतात, त्या प्लास्टिकच्या धुरात डायऑक्सिनसारखी विषं असतात आणि तो धूर आसपासची लेकरं गिळतात. ई-कचऱ्याचे 2022 चे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत, त्यांत पुनर्प्रक्रियेची जबाबदारी कंपन्यांवर टाकली आहे. नवा टीव्ही घेताना जुन्याचं काय करणार, हे दुकानदाराला जरूर विचारावं. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी दुकानातच परत द्यावी, तिच्या शिशाला किंमत येते. आतलं आम्ल मात्र मोरीत ओतू नये.

मुदत संपलेल्या गोळ्या, पारा असलेले सीएफएल दिवे, पाऱ्याचे थर्मामीटर, रंगाचे अर्धे डबे या वस्तू कुणालाच नको असतात. 2016 च्या घनकचरा नियमांनी हा घरगुती घातक कचरा ओल्या-सुक्यापासून वेगळा काढायला सांगितलं. वेगळा काढून नेमका कुठं द्यायचा, हे आमच्या गल्लीत कुणाला विचारलं तर समोरचा खांदे उडवतो.

म्हणून महापालिकेला विनंती आहे. पितृपंधरवड्यातल्या एका रविवारी प्रत्येक विभागात एक मोठी गाडी उभी करावी. फोम, मोडकं फर्निचर आणि काच तिच्यात घ्यावी. शेजारी एक टेबल दिवे, औषधं आणि बिघडलेल्या विजेच्या वस्तूंसाठी ठेवावं. जागा आणि वेळ आठ दिवस आधी घंटागाडीच्या भोंग्यावरून सांगावी, आणि पूर्व भागात तेलुगूतूनही सांगावी. वेळ सकाळची असावी, कारण भाद्रपदातल्या दुपारच्या उन्हात म्हातारी माणसं टीव्ही उचलून आणू शकत नाहीत.

आपल्या दैनिकाकडेही एक मागणं आहे. परवानाधारक ई-कचरा पुनर्प्रक्रिया केंद्रांची यादी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे असते. तिच्यातले सोलापूरकरांना जवळ पडतील असे पत्ते घटस्थापनेच्या पंधरा दिवस आधी, पहिल्या पानावर नाही तरी निदान राशिभविष्याशेजारी छापावेत. ते पान सगळे वाचतात.

आपली,
एक निवृत्त हिशेबनीस,
साखर पेठ, सोलापूर